राडनिट्स घराणं (डॉ. गर्टी कोरी यांचं माहेर)

राडनिट्स हे प्रागमधलं जर्मन बोलणारं ज्यू घराणं. ते जगाला माहीत झालं ते थोरल्या लेकीमुळे, म्हणजे डॉ. गर्टी कोरी, वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणारी जगातली पहिली स्त्री. त्यांच्याबद्दल लिहिताना लोक डायरेक्ट १९४७ च्या नोबेलवर येतात, पण माहेर आणि सासर दोन्ही बघितल्याशिवाय ह्या बाईने काय काय ओलांडलं ते कळत नाही.

वडील ओटो राडनिट्स केमिस्ट. साखर शुद्ध करायची एक पद्धत त्यांनी शोधली आणि पुढे साखर कारखाने सांभाळले. आई मार्था. तीन मुलींमध्ये गर्टी मोठी, जन्म १५ ऑगस्ट १८९६. दहा वर्षांची होईपर्यंत शिक्षण घरीच, मग मुलींच्या शाळेत. नात्यातले एकजण बालरोगाचे प्रोफेसर होते, त्यांनी मेडिकलला जा म्हणून जोर दिला, पण मुलींच्या शाळेत प्रवेशापुरतं लॅटिन, गणित, फिजिक्स, केमिस्ट्री शिकवतच नसत. मुलं जे लॅटिन आठ वर्षं शिकायची ते हिने १९१२ ला शाळा संपल्यावर टिरोलच्या सुट्टीत सुरू केलं आणि बाकीच्या विषयांसकट भरून काढून १९१४ मध्ये प्रागच्या जर्मन युनिव्हर्सिटीत मेडिकलला प्रवेश मिळवला. मला विचाराल तर नोबेलइतकीच ही गोष्टही मोठी आहे.

तिथेच वर्गात कार्ल कोरी भेटला. तो ट्रिएस्टमध्ये वाढलेला, वडील तिथल्या सागरी जीवशास्त्र केंद्राचे संचालक. १९२० मध्ये दोघं डॉक्टर झाले आणि लग्नही केलं. लग्नासाठी गर्टीबाई कॅथलिक झाल्या, तरी ज्यू सुनेमुळे मुलाचं करिअर अडेल ही सासरची धास्ती काही गेली नाही. आणि ती उगाच नव्हती, कारण ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठात काम करायचं तर कार्लला आपण ज्यू वंशाचे नाही हे सिद्ध करावं लागलं. गर्टी तेव्हा व्हिएन्नात लहान मुलांच्या हॉस्पिटलमध्ये होत्या, महायुद्धानंतरचे दिवस, खाण्यापिण्याचे इतके हाल की ए व्हिटॅमिन कमी पडून डोळ्यांचा आजार झाला. युरोप सोडायचाच हे दोघांचं ठरलं होतं, तेव्हा डचांच्या ताब्यात असलेल्या जावा बेटावर जायला डच सरकारकडे अर्जसुद्धा केला होता. शेवटी १९२२ मध्ये अमेरिकेत बफेलोला कार्लला नोकरी लागली, काही महिन्यांनी त्याही गेल्या. १९२८ मध्ये दोघं अमेरिकन नागरिक झाले.

तिथे प्रश्न वेगळा. नवरा-बायकोने एकत्र रिसर्च करायचं नाही असं वरिष्ठांनी बजावलं, एका विद्यापीठाने तर गर्टीबाईंना बाजूला घेऊन तुम्ही नवऱ्याच्या आड येताय असं सांगितलं. दोघांनी ऐकलं नाही. १९२९ मध्ये त्यांनी मांडलेलं कोरी चक्र आजही मेडिकलच्या पहिल्या वर्षाला असतं: स्नायूत ग्लायकोजन (शरीरात साठवलेली साखर) मोडून लॅक्टिक अॅसिड होतं, ते रक्तातून लिव्हरमध्ये जातं, तिथे त्याची परत साखर होते, ती पुन्हा स्नायूंना. १९३१ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत कार्ल विभागप्रमुख झाला आणि तेवढीच डिग्री, तेवढाच अनुभव असलेल्या गर्टी मात्र तुटपुंज्या पगारावर रिसर्च असोसिएट. प्रोफेसर केलं ते थेट १९४७ मध्ये, नोबेलच्याच वर्षी.

१९३६ मध्ये बेडकाचे स्नायू बारीक करून, धुऊन त्यांनी ग्लुकोज-१-फॉस्फेट, म्हणजे ग्लायकोजन मोडताना मधल्या टप्प्यावर बनणारा पदार्थ, शोधून काढला. त्याच वर्षी मुलगा टॉम झाला, सेंट लुईसच्या उकाड्यात अगदी शेवटपर्यंत त्या लॅबमध्येच होत्या. पुढे त्यांनी लहान मुलांमधल्या ग्लायकोजन साठण्याच्या आनुवंशिक आजारांवर काम केलं आणि असा आजार एखादं एन्झाइम नसल्यामुळे होतो हे दाखवलं. त्यातल्या एका प्रकाराला कोरी डिसीज म्हणतात.

नोबेलच्याच वर्षी अस्थिमज्जेचा आजार निघाला. तो अंगावर घेऊन दहा वर्षं काम केलं, २६ ऑक्टोबर १९५७ ला गेल्या. कोरींच्या लॅबमध्ये काम केलेल्यांपैकी सहा जणांना नंतर नोबेल मिळालं. टॉमही आजोबांसारखाच केमिस्ट्रीकडे वळला आणि सिग्मा-आल्ड्रिच ह्या केमिकल कंपनीचा प्रमुख झाला.