अमेरिकेतली घरं लाकडाची का?

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स आणि ईटन या दोन आगींत १६ हजारांहून अधिक बांधकामं जळाली. एवढा श्रीमंत देश, मग घरं लाकडाची का, हा प्रश्न आपल्याकडे तेव्हा पुन्हा निघाला. ‘पुठ्ठ्याची घरं’ हा टोमणाही मारून झाला. याचं उत्तर हवामानात किंवा हौसेत फारसं सापडत नाही. ते लाकूड-गिरण्यांत, खिळ्यांच्या भावात आणि पुढे गृहकर्जाच्या नियमांत आहे.

सतराव्या शतकात इंग्रज वसाहतवाले आले ते आपली सुतारकी घेऊनच. जाड खांब, जाड तुळया, खाचेत कुसू ठोकून पक्के केलेले सांधे. आपल्या जुन्या वाड्यांचा सांगाडा आठवावा. मॅसॅच्युसेट्समधल्या डेडहॅमचं फेअरबँक्स घर १६४० च्या आसपासचं, आजही उभं आहे. ओंडक्यांची झोपडी स्वीडिश आणि फिनिश लोकांनी आणली. पुढे राष्ट्राध्यक्षांच्या बालपणाच्या कथांमुळे तिला जरा जास्तच मान मिळाला.

लाकूड मुबलक होतं, महाग होते ते खिळे. एकेक खिळा लोहार हाताने घडवायचा. जागा सोडून जाताना लोक खिळ्यांसाठी जुनं घर चक्क जाळत. अखेर १६४५ मध्ये व्हर्जिनियाने त्याला मनाई केली आणि घर न जाळता सोडणाऱ्याला तेवढे खिळे भरपाई म्हणून द्यायचं ठरवलं. १७९० च्या दशकात खिळे कापणारी यंत्रं आली, भाव कोसळले आणि खरा बदल तिथून सुरू झाला.

त्याचं फळ १८३० च्या दशकात शिकागोत दिसलं. जाड खांबांऐवजी दोन इंच बाय चार इंचांच्या उभ्या पट्ट्या हात-दीड हात अंतरावर रांगेने लावायच्या, आडव्या पट्ट्यांना खिळ्यांनी जोडायच्या, वरून फळ्या ठोकायच्या. ही ‘बलून फ्रेम’. शोधाचं श्रेय कुणी १८३२ च्या जॉर्ज स्नोच्या गोदामाला देतं, कुणी १८३३ च्या सेंट मेरी चर्चला. मला हा वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही, कारण अशी पद्धत अनेक हातांतून हळूहळू घडत जाते. महत्त्वाचं हे की मुरलेल्या सुताराची गरज उरली नाही. हातोडी चालवता येणारी दोन-चार माणसं घर उभं करू लागली. मिशिगन आणि विस्कॉन्सिनमधला पाइन जहाजांनी शिकागोत यायचा आणि तिथून रेल्वेने झाडं नसलेल्या गवताळ प्रदेशात जायचा. पश्चिमेकडची गावं इतक्या झटपट उभी राहिली त्यामागे हा व्यापार होता.

ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागो जळालं. सुमारे ३०० माणसं गेली, लाखभर बेघर झाली. शहराच्या मध्यभागी त्यानंतर वीट, दगड आणि लोखंड आलं. १८८५ मध्ये तिथेच दहा मजली होम इन्शुरन्स इमारत धातूच्या सांगाड्यावर उभी राहिली आणि गगनचुंबी इमारतींचा रस्ता खुला झाला. गंमत अशी, की भार सांगाड्याने घ्यायचा आणि भिंत नुसती पांघरायची, हे तत्त्व बलून फ्रेममध्ये आणि या इमारतीत एकच. राहती घरं मात्र लाकडाचीच राहिली. बलून फ्रेमच्या भिंतीतली पोकळी तळापासून छपरापर्यंत सलग असे आणि आग त्यातून धुराड्यासारखी वर चढे. म्हणून विसाव्या शतकात प्रत्येक मजला वेगळा बांधण्याची पद्धत रूढ झाली. तेवढ्या लांब, सरळ पट्ट्या मिळेनाशा झाल्या होत्या, हेही एक कारण.

१९०८ पासून सीअर्स कंपनी तर अख्खं घरच कॅटलॉगमधून विकू लागली. कापलेलं, क्रमांक घातलेलं लाकूड रेल्वेच्या डब्यातून यायचं. १९४० पर्यंत अशी ७० हजारांच्या आसपास घरं विकली गेली.

मग सरकारी हमीचं कर्ज आलं: १९३४ मध्ये गृहकर्जाचा विमा, १९४४ मध्ये युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठीची योजना. या कर्जांच्या जोरावर १९४७ ते १९५१ दरम्यान लेव्हिट कंपनीने न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १७ हजारांहून अधिक घरं बांधली. काम २७ टप्प्यांत वाटलेलं. एक टोळी एकच काम करत घरामागून घर पुढे सरकायची. ओल्या गिलाव्याची जागा जिप्समच्या तयार पाट्यांनी घेतली. ‘पुठ्ठ्याची भिंत’ म्हणतात ती हीच. कृष्णवर्णीयांना मात्र इथं घर मिळत नसे. सुरुवातीच्या करारांत तसं कलमच होतं. घरविक्रीतला असा भेदभाव देशभर बेकायदा ठरला तो १९६८ च्या कायद्याने.

सगळी अमेरिका लाकडाची नाही. न्यू मेक्सिकोतल्या टाओस प्वेब्लो या मूळ रहिवाशांच्या वस्तीत मातीच्या विटांची घरं शतकानुशतकं वापरात आहेत आणि वादळांच्या फ्लोरिडात काँक्रीट ब्लॉक सर्रास दिसतात. तरी देशभरातल्या नव्या स्वतंत्र घरांपैकी ९० टक्क्यांहून अधिक आजही लाकडी सांगाड्याचीच असतात. भूकंपाच्या कॅलिफोर्नियात तर हा सांगाडा सोयीचाच पडतो: तो हलका असतो, वाकतो, आणि सळ्यांविना रचलेल्या विटांसारखा एकदम कोसळत नाही. आगीसाठी तिथे २००८ पासून धोक्याच्या पट्ट्यातल्या नव्या घरांना ठिणग्या रोखणाऱ्या जाळ्या आणि सहज पेट न घेणारं छप्पर व बाह्यभिंती सक्तीच्या आहेत. त्याआधी बांधलेली लाखो घरं या नियमांच्या बाहेर राहिली.