स्थाननोंद

मोबाइल फोन केव्हा कुठे होता, याची फोनप्रणाली व अ‍ॅप चालवणाऱ्या कंपन्यांकडे साठणारी नोंद. नकाशा, रिक्षा, घरपोच जेवण यांना ती लागतेच. जाहिरातीच्या धंद्यात तिचे मोल वेगळेच.

ही नोंद फक्त उपग्रहांवरून होते, हा गैरसमज पक्का रुजलेला आहे. पुण्यात लक्ष्मी रस्त्यालगतच्या बोळांत भिंतींवर आपटून आलेला जीपीएसचा संदेश तसाही भरवशाचा नसतो. तिथे फोन आसपासच्या वायफाय राऊटरांचे क्रमांक टिपतो आणि कंपनीकडच्या यादीशी ते ताडले जातात. ही यादी लोकांच्याच फोनांनी भरलेली. म्हणूनच कोथरूडचे बिऱ्हाड वाघोलीला हलवून जुनाच राऊटर लावला, तर नकाशा काही दिवस माणसाला कोथरूडातच बसवून ठेवू शकतो. गूगलच्या यादीतून राऊटर वगळायचा असल्यास वायफायच्या नावाअखेर अंडरस्कोअर देऊन रोमन अक्षरांत ‘नोमॅप’ (_nomap) जोडावे. नाव बदलले की घरातले प्रत्येक यंत्र पुन्हा जोडत बसावे लागते, ते वेगळे.

नाव नसलेली नोंद निरुपद्रवी, हेही खरे नाही. रात्री कर्वेनगर, दिवसा हिंजवडीतली एकच इमारत, मंगळवारी संध्याकाळी सारसबाग. आता नाव हवे कशाला? 2013 च्या एका अभ्यासात 15 लाख लोकांच्या मोबाइल नोंदींपैकी 95 टक्के माणसे वेगळी काढायला स्थळ-वेळेचे चार ठिपके पुरले.

अँड्रॉइडवर सेटिंग्ज, लोकेशन, लोकेशन सर्व्हिसेस या वाटेने वायफाय बंद असतानाही चालणारे राऊटरांचे स्कॅनिंग थांबवता येते. अँड्रॉइड 12 पासून अ‍ॅपला ‘अंदाजे’ स्थान देण्याची सोय आहे. त्याचा आवाका सुमारे 3 चौ. किमी, म्हणजे मध्यवस्तीतल्या कित्येक पेठा. हवामानाला तेवढे पुष्कळ. रिक्षा मात्र भलत्याच गल्लीत येऊन उभी राहते. लोकेशन पूर्ण बंद केले तरी फोनच्या इंटरनेट पत्त्यावरून (आयपी अ‍ॅड्रेस) शहराचा अंदाज येतोच.

गूगल खात्यातली ‘टाइमलाइन’, म्हणजे कुठे कुठे गेलो याची नोंद, बंद करून भागत नाही. ‘वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी’ ही दुसरी कळही पाहावी लागते, कारण स्थान तिच्यातही साठते. ही गोम 2018 मध्ये उघडकीस आली आणि 2022 मध्ये गूगलने अमेरिकेतील 40 राज्यांशी 39.15 कोटी डॉलरची तडजोड केली. भारतात 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात माहिती पुसून मागण्याचा हक्क आणि 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नुसते अ‍ॅप काढून टाकल्याने कंपनीकडे साठलेली नोंद जात नाही; आधी खाते पुसण्याची मागणी नोंदवावी, मग अ‍ॅप काढावे.