उंबरठ्यावरचे 780 किलोमीटर

फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी सँ-जाँ-पिये-द-पोर नावाचं छोटं गाव आहे. तिथून डोंगर ओलांडून, उत्तर स्पेन आडवा कापत सांतियागो दे कोम्पोस्तेलाच्या कॅथेड्रलपर्यंत एक पायवाट जाते. लांबी सुमारे 780 किलोमीटर. तिला 'कामिनो' म्हणतात. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ एवढाच, वाट. येशूचा शिष्य प्रेषित याकोब याची समाधी तिथे आहे या श्रद्धेने मध्ययुगापासून लोक ही वाट चालत आले. 2023 साली कामिनोच्या वेगवेगळ्या मार्गांनी येऊन यात्रा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र घेणाऱ्यांची संख्या 4 लाख 46 हजारांवर होती.

यातले सगळेच श्रद्धेपोटी चालत नाहीत. नुकतेच निवृत्त झालेले, पदवी मिळाली पण नोकरी सुरू व्हायची आहे असे, जोडीदार गेल्यानंतर घर रिकामं झालेले, वीस वर्षांची नोकरी सोडून पुढचं अजून न ठरवलेले लोक या वाटेवर जागोजागी भेटतात. आयुष्याचा एक भाग संपलाय आणि दुसरा सुरू झालेला नाही, अशा वेळी माणसाला लांब कुठेतरी जावंसं का वाटतं, आणि गेल्यावर नेमकं काय घडतं, याचा विज्ञानाने बराच शोध घेतला आहे. त्यातून हाती आलेल्या गोष्टी प्रवासाची आखणी करतानाच उपयोगी पडतात.

आर्नोल्ड व्हॅन जेनेप या अभ्यासकाने 1909 मध्ये जगभरच्या संस्कारविधींची मांडणी केली. मुंज, लग्न, अंत्यसंस्कार अशा प्रत्येक स्थित्यंतरात त्याला तीन टप्पे दिसले: जुन्यापासून तुटणं, मधली अवस्था आणि नव्यात सामावणं. मधल्या अवस्थेसाठी त्याने लॅटिनमधला 'उंबरठा' या अर्थाचा शब्द वापरला. आपल्याकडे नवी नवरी माप ओलांडून घरात येते ती याच जागेवरून. निवृत्तीला मात्र असा विधी नाही. शाल-श्रीफळ आणि निरोपाची भाषणं होतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सवयीने जाग येते, पण जायचं कुठेच नसतं.

स्मरणशक्तीला मात्र उंबरठा लागतो. मेंदू आयुष्याची नोंद सलग चित्रफितीसारखी ठेवत नाही, तो तिचे तुकडे पाडतो. जागा, माणसं, दिनक्रम बदलला की तिथे एक हद्द पडते आणि तिच्या आसपासच्या आठवणी जास्त ठळक राहतात. अमेरिकेत 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वयस्क लोकांना मध्यमवयातल्या महत्त्वाच्या आठवणी विचारल्या, तेव्हा त्या घर बदललं त्या काळाभोवती गोळा झालेल्या आढळल्या. घटना मोठी की छोटी यापेक्षा रोजच्या जगण्याचं कापड किती बदललं, याला इथे जास्त वजन असतं. म्हणून एकाच घरात, त्याच खुर्चीत निवृत्ती आली तर पहिली दोन वर्षं पुसट होऊन जातात. पाच आठवडे परक्या देशात रोज नव्या गावी मुक्काम केला, तर आठवणींच्या वहीत 'आधी' आणि 'नंतर' यांच्यामध्ये एक जाड रेघ ओढली जाते.

सवयींचंही तसंच आहे. बहुतेक सवयी इच्छेपेक्षा आजूबाजूच्या खुणांवर चालतात: चहाचा कप, वर्तमानपत्र, दारातली चप्पल, टीव्हीचा रिमोट. खुणा हलल्या की सवयीचा धागा सैल होतो. मानसशास्त्रज्ञ वेंडी वूड आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये विद्यापीठ बदलणाऱ्या विद्यार्थ्यांवर अभ्यास केला. नव्या जागी परिस्थिती जुन्यासारखीच राहिली तिथे व्यायाम, वाचन, टीव्ही या सवयी टिकल्या. परिस्थिती बदलली तिथे विद्यार्थ्यांचं वागणं त्यांच्या त्या वेळच्या हेतूंकडे झुकलं. परदेशात अशा खुणा एका फटक्यात हजारभर हलतात.

इथवर सगळं आशादायक आहे. पण पहिल्या आठवड्यात चिंतन वगैरे काही होत नाही, आणि ते होईल या अपेक्षेने गेलेले लोक तिसऱ्या दिवशी खट्टू होतात. कारण अगदी साधं आहे: शरीर.

पहिलाच टप्पा डोंगरापलीकडच्या रोन्सेस्वाय्येस या स्पॅनिश गावापर्यंतचा, सुमारे 25 किलोमीटरचा. त्यात साधारण 1,250 मीटर चढ चढून 1,430 मीटरच्या खिंडीत पोहोचायचं आणि मग उतरायचं. (डोंगरावरचा हा मार्ग 1 नोव्हेंबर ते 31 मार्च बंद असतो, तेव्हा खालच्या दरीतून जावं लागतं.) चढ दम काढतो, पण खरी दुखापत उतारावर होते. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात आणि त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. त्याची कळ 24 ते 72 तासांनी शिगेला पोहोचते, म्हणून पहिला दिवस बरा जातो आणि तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. दोन काठ्या घेतल्या की गुडघ्यांवरचा भार कमी होतो. पाठीवरचं ओझं वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवावं: 60 किलोच्या माणसाने 6 किलो. पाण्याचा प्रत्येक लिटर म्हणजे आणखी एक किलो, हे घरी सॅक भरताना हमखास विसरलं जातं.

पायाला फोड येतात ते वरवरच्या घासण्याने येत नाहीत. हाड पुढे सरकतं, कातडी मोज्याला चिकटून मागे राहते आणि त्या ओढाताणीत कातडीचे आतले थर एकमेकांपासून सुटतात. त्या फटीत पाणी भरतं. ओल्या कातडीची पकड वाढते, त्यामुळे ओढाताणही वाढते. म्हणून सुती मोजे नकोत, घाम धरून न ठेवणारे लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे हवेत. दिवसभरात पाय सुजतात, तेव्हा बूट अर्धा ते एक नंबर मोठा घ्यावा. फोडाआधी त्या जागी चटका बसल्यासारखं वाटतं. त्याच क्षणी थांबायचं, बूट-मोजे काढायचे, पाय वाळवायचे, पट्टी चिकटवायची. 'पुढच्या गावात बघू' म्हणत काढलेले तीन किलोमीटर पुढचे तीन दिवस खातात. मधुमेह असणाऱ्यांनी तर रोज संध्याकाळी तळपाय आरशात तपासावा, कारण संवेदना कमी असली तर तो चटका कळतच नाही.

झोपेचं गणित याहून नाजूक आहे. शरीराचं घड्याळ मेंदूच्या तळाशी, साधारण 20 हजार पेशींच्या एका जोडगाठीत असतं आणि त्याला वेळ दाखवतो तो मुख्यतः प्रकाश. नेहमीच्या उठण्याच्या सुमारे अडीच तास आधी शरीराचं तापमान सर्वांत कमी होतं. त्या क्षणाच्या आधी डोळ्यांवर पडलेला प्रकाश घड्याळ मागे ढकलतो, नंतरचा पुढे. पुण्यात सहाला उठणाऱ्याचा हा क्षण पहाटे साडेतीनचा. उन्हाळ्यात स्पेन आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, म्हणजे तिथे तेव्हा मध्यरात्र असते. त्यामुळे सुरुवातीचे दिवस संध्याकाळी सातला डोळे मिटू लागतात आणि पहाटे तीनला टक्क जाग येते. उपाय तिथल्या आकाशातच आहे: जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, तो अंगावर घ्यायचा आणि जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. पश्चिमेकडे जाताना घड्याळ दिवसाला सुमारे दीड तास सरकतं, तेव्हा दोन-तीन दिवसांत जमून जातं.

तोवर मनात येणाऱ्या कोणत्याही मोठ्या निष्कर्षावर विश्वास ठेवू नये. 2007 मधल्या एका प्रयोगात एक रात्र न झोपलेल्यांच्या मेंदूतल्या भावनांशी निगडित भागाची, अमिग्डालाची, नकोशा चित्रांना मिळणारी प्रतिक्रिया झोपलेल्यांपेक्षा सुमारे 60 टक्क्यांनी जास्त होती. 'घर विकून टाकू', 'आपण आयुष्य वाया घालवलं' असे विचार पहाटे तीनला फार खरे वाटतात. ते वहीत उतरवून ठेवावेत आणि दहा दिवसांनी वाचावेत.

बुर्गोस शहर मागे पडलं की मेसेता सुरू होते: सपाट पठार, गव्हाची शेतं, सावली नाही, वळण नाही, अस्तोर्गापर्यंत 200 किलोमीटरहून अधिक. बरेच जण हा पट्टा कंटाळवाणा म्हणून बसने ओलांडतात. या लेखाच्या विषयापुरतं बोलायचं तर संपूर्ण वाटेतला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. पाय तोवर सरावलेले असतात, झोप बसलेली असते. रस्ता शोधायला डोकं लागत नाही. ओ सेब्रेइरो गावचे पाद्री एलियास वालिन्या यांनी 1984 पासून रंगवायला घेतलेल्या पिवळ्या बाणांची प्रथा आज साऱ्या वाटभर आहे. लक्ष बाहेर कुठे गुंतलेलं नसलं की मेंदूतलं एक वेगळंच जाळं जागं होतं, जे स्वतःच्या भूतकाळाचा आणि भविष्याचा विचार करतं. मेंदूशास्त्रज्ञ मार्कस राईकल यांनी 2001 मध्ये ते नावानिशी मांडलं.

मात्र हेच जाळं उगाळण्याचंही काम करतं. विचार करणं आणि तेच ते उगाळणं यांत फरक आहे: पहिल्यात प्रश्न पुढे सरकतो, दुसऱ्यात 'माझ्याच बाबतीत असं का' या खिळ्याभोवती मन फिरत राहतं. स्टॅनफर्डमधल्या 2015 च्या एका प्रयोगात 38 जणांपैकी काहींना गवताळ, झाडांच्या परिसरात आणि काहींना रहदारीच्या रस्त्यालगत 90 मिनिटं चालायला लावलं. झाडांमधून चालून आलेल्यांचं उगाळणं कमी झालं, रस्त्यालगत चाललेल्यांचं नाही. दुसरा उपाय भाषेचा आहे. 'मी हे का केलं?' याऐवजी स्वतःचं नाव घेऊन, एखाद्या मित्राबद्दल बोलावं तसं 'त्याने हे का केलं?' असं विचारलं की भावनेची धग उतरते.

लिहिण्याची एक पद्धत मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 मध्ये तपासली: रोज 15 मिनिटं, सलग चार दिवस, मनाला लागलेल्या घटनेबद्दल तथ्य आणि भावना दोन्ही. लिहून उठल्यावर लोकांना लगेच बरं वाटलं नाही, उलट जड वाटलं. पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. म्हणून हे लेखन दुपारी मुक्कामी पोहोचून, अंघोळ आणि कपडे धुणं उरकल्यावर करावं. रात्री नको. यात्रेकरूंच्या निवासांत, आल्बेर्गेंमध्ये, दहाला दिवे मालवतात आणि मनातलं जडपण घेऊन वीस माणसांच्या घोरण्यात झोप लागत नाही.

इथे वारीची आठवण होणारच. आळंदी ते पंढरपूर सुमारे 250 किलोमीटर, जवळपास तीन आठवडे. पण वारीत माणूस दिंडीत चालतो, टाळाच्या ठेक्यात, आपल्या गावच्या माणसांत. तिथे 'मी' समूहात विरतो. कामिनोवर दिवसातले कित्येक तास एकट्याचे असतात, आणि संध्याकाळी जेवायला शेजारी बसलेल्याला तुमचं पद, जात, गाव यातलं काहीच ठाऊक नसतं. 'तुम्ही काय करता?' या प्रश्नाला निवृत्त माणूस तिथे पहिल्यांदाच नवं उत्तर देऊन पाहतो.

दहा दिवसांत सात देश दाखवणारी सहल हे काम करू शकत नाही. परदेशातल्या वास्तव्यावर 2018 मध्ये झालेल्या एका अभ्यासात स्वतःबद्दलची स्पष्टता वाढलेली दिसली ती तिथे किती काळ राहिलं यावर अवलंबून होती, किती देश पाहिले यावर नाही. तो अभ्यास परदेशात घर करून राहिलेल्यांचा आहे. पाच आठवड्यांच्या चालण्याला तो जसाच्या तसा लावता येणार नाही, पण दिशा स्पष्ट आहे. चालायला 33 दिवस, विश्रांतीला चार आणि सुरुवात-शेवटाला चार, असे 41 दिवस धरावेत. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत राहता येतं, तेव्हा मुदतीची अडचण नाही. 30 हजार युरोंचा आरोग्यविमा सक्तीचाच आहे. मात्र गुडघ्याच्या जुन्या दुखण्याला तो लागू आहे का, हे आधी वाचावं.

आणि परतीचं नियोजन. सहलीहून आलेल्या डच लोकांवरच्या 2010 मधल्या अभ्यासात, परतल्यावर त्यांचा आनंद घरीच राहिलेल्यांपेक्षा वेगळा आढळला नाही. अपवाद फक्त अत्यंत निवांत सहल झालेल्यांचा. घरी सगळ्या जुन्या खुणा वाट पाहत असतात. घर बदललेल्यांवरच्या दुसऱ्या एका अभ्यासात नव्या सवयी रुजायला पहिले सुमारे तीन महिने अनुकूल दिसले. म्हणून जाण्याआधीच एक-दोन खुणा मुद्दाम हलवून ठेवाव्यात: टीव्हीसमोरची खुर्ची खिडकीशी, फिरायचा रस्ता वेगळा, सकाळच्या पहिल्या तासाला एक ठरलेलं नवं काम.

पूर्वेकडे येताना घड्याळ पुढे घ्यावं लागतं, त्याला जास्त दिवस लागतात. स्पेनमध्ये सहाला उठणाऱ्याचा तापमानाचा नीचांक आता भारतात सकाळी सातला येतो. पहिल्या दिवशी सातच्या आधीचं ऊन उलट्या दिशेने ढकलेल, तेव्हा तोवर पडदे ओढून ठेवावेत, आठ ते दहा उन्हात फिरावं, आणि ही वेळ रोज तासाभराने अलीकडे आणावी. दोन आठवड्यांनंतरही झोप, भूक परतली नाही आणि कशातच मन लागेना, तर तो प्रवासाचा शीण समजू नये, डॉक्टरांकडे जावं.