तो गायकवृंद यंत्रातला नव्हे

टेनसीसी या ब्रिटिश बँडच्या ‘आय एम नॉट इन लव्ह’ (1975) या गाण्यामागचा धुक्यासारखा गायकवृंद सिंथेसायझरचा किंवा मेलोट्रॉनचा (टेपवर आधीच भरलेले आवाज वाजवणाऱ्या कीबोर्डचा), असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चूक आहे. ती माणसंच गातायत! इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत बँडमधल्या तिघांनी एकच सूर सोळा वेळा गायला, म्हणजे 48 आवाज. असं सप्तकातल्या प्रत्येक सुराचं केलं. मग हे सूर भरलेल्या टेपची टोकं जोडून केलेली वेटोळी सतत फिरत ठेवली आणि ध्वनिमिक्सरच्या, आवाज कमीजास्त करणाऱ्या पट्ट्या बोटांनी वरखाली करत तो वृंद चक्क वाजवला. गाण्यात ‘मूग’ (Moog) बनावटीचा सिंथेसायझर आहे, पण ढोलाच्या मंद ठोक्यापुरता. कार्पेंटर्स या अमेरिकी भावाबहिणीच्या जोडीच्या सॉफ्ट रॉकमध्येही त्या दोघांचेच आवाज थरावर थर चढवलेले असत. तिथला प्रत्येक स्वर मात्र स्वच्छ, वेगळा ऐकू येतो. इथे सगळे एकमेकांत विरघळतात.