पेमेंट्समधले दोन वकील: एक खटला लढतो, दुसरा नियम वाचतो

अमेरिकेत एखाद्या वकिलाने ‘मी पेमेंट्समध्ये काम करतो’ असं सांगितलं, तर ती ओळख अर्धीच झाली असं समजावं. त्या एका वाक्यात दोन वेगळे धंदे लपलेले असतात. एक जण व्हिसा, मास्टरकार्ड, अमेरिकन एक्सप्रेस यांच्या विरुद्ध किंवा त्यांच्या बाजूने मक्तेदारीविरोधी खटले लढतो. दुसरा बँकांना आणि फिनटेक (तंत्रज्ञानाच्या आधारे वित्तसेवा देणाऱ्या) कंपन्यांना सांगतो, की हे कार्ड बाजारात आणायचं तर कुठला नियम लागू होईल आणि कुठले परवाने लागतील. दोघांच्या तोंडी शब्द तेच: इंटरचेंज, इश्युअर (कार्ड देणारी बँक), अक्वायरर (दुकानदाराची बँक), राउटिंग (व्यवहार न्यायची वाट). दोघांचं भांडणही दुकानदाराच्या गल्ल्यातून कापल्या जाणाऱ्या त्याच फीभोवती फिरतं. त्यामुळे कायद्याचे विद्यार्थीही गोंधळतात आणि एकाची तयारी करून दुसऱ्याच्या दारात जाऊन उभे राहतात.

आधी ती फी समजून घेऊ. ग्राहकाने कार्ड स्वाइप केलं की दुकानदाराच्या हाती पूर्ण रक्कम पडत नाही. कापल्या गेलेल्या पैशाचा मोठा वाटा ग्राहकाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, ती इंटरचेंज फी. उरलेल्यातलं थोडं नेटवर्कला, म्हणजे व्हिसा-मास्टरकार्डसारख्या कंपनीला, थोडं दुकानदाराचे व्यवहार सांभाळणाऱ्या बँकेला किंवा प्रोसेसरला. ग्यानबाची मेख अशी, की इंटरचेंजचा दर ठरवतं नेटवर्क आणि तो पैसा मिळतो बँकेला. दुकानदाराला घासाघीस करायची झाली तर ती करायची कुणाशी? बँक म्हणते दर आमचा नाही, नेटवर्क म्हणतं पैसा आमचा नाही.

इथून दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. खटलेवाला विचारतो, हा दर असा ठरलाच कसा, आणि कुणाला बाहेर ठेवलं म्हणून तो टिकला? नियमवाला विचारतो, हा दर नियमात बसतो का, आणि उद्या नियम बदलला तर काय?

नियमवाल्याचं उदाहरण आधी घेतो, कारण ते छोटं आहे आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यात डर्बिन दुरुस्ती नावाचं एक कलम आहे. त्यानुसार फेडरल रिझर्व्हने (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडने) ‘रेग्युलेशन डबल-आय’ काढलं आणि ऑक्टोबर २०११ पासून मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डांच्या इंटरचेंजवर मर्यादा आली: २१ सेंट, वर व्यवहाराच्या रकमेच्या ०.०५ टक्के, आणि फसवणूक रोखण्याची अट पाळली तर आणखी १ सेंट. म्हणजे ५० डॉलरच्या खरेदीवर साडेचोवीस सेंट. ‘फी कमी झाली, म्हणजे कुणीतरी खटला जिंकला असणार’ असं अनेकांना वाटतं. कुणीही जिंकला नव्हता. फेडच्या पहिल्या मसुद्यात मर्यादा १२ सेंटांची होती. हरकती-सूचनांचा पाऊस पडला आणि अंतिम नियमात ती २१ झाली. मधले ९ सेंट हे नियमवाल्यांच्या जगातलं युद्ध. तिथे ज्युरी नाही, उलटतपासणी नाही, आहेत ती फक्त पानंच्या पानं हरकतपत्रं.

पुढे त्याच नियमातून आणखी काम निघालं. १,००० कोटी डॉलरपेक्षा कमी मालमत्ता असलेल्या बँकांना ही मर्यादा लागू नाही. त्यामुळे कित्येक फिनटेक कंपन्या आपलं कार्ड मुद्दाम छोट्या बँकेच्या नावाने काढतात आणि जास्त इंटरचेंज घेतात. त्या बँकेशी करार कसा करायचा, मालमत्ता मर्यादेच्या वर गेली तर काय, हे सांगणारा माणूस नियमवाला. तोच हेही सांगतो, की डेबिट कार्ड हरवल्याची खबर ग्राहकाने कळल्यापासून दोन कामकाजी दिवसांत दिली, तर त्याच्यावर जास्तीत जास्त ५० डॉलरचा भार येतो, आणि उशीर केला तर तो ५०० पर्यंत जाऊ शकतो. हे ‘रेग्युलेशन ई’. त्याचा मक्तेदारीशी काडीचा संबंध नाही.

आता खटलेवाला. मला स्वतःला हाच जास्त रंजक वाटतो, त्यामुळे पुढचं पारडं त्याच्या बाजूने झुकलं तर समजून घ्या.

त्याची शस्त्रं जुनी आहेत. १८९० च्या शर्मन कायद्याचं पहिलं कलम स्पर्धा दडपणाऱ्या करारांवर, दुसरं मक्तेदारी मिळवण्या-टिकवण्याच्या डावपेचांवर. १९१४ च्या क्लेटन कायद्याने खाजगी वादीला खटला भरायचं बळ दिलं: नुकसान सिद्ध झालं तर तिप्पट भरपाई, शिवाय वकिलाचा खर्च प्रतिवादीकडून. या ‘तिप्पट’वरच हा धंदा उभा आहे. पण एक काटा आहे. १९७७ च्या इलिनॉय ब्रिक निकालानुसार संघीय कायद्याखाली भरपाई मागता येते ती थेट खरेदीदारालाच. दुकानदाराने फी भरून निघावी म्हणून किंमत वाढवली आणि ती तुम्ही मोजली, तरी तुमचा दावा सहसा उभा राहत नाही. म्हणून या खटल्यांमध्ये वादी म्हणून दुकानदार दिसतात, कार्डधारक क्वचितच.

काम कसं चालतं ते जवळून पाहा. वकील सहसा तीन वर्षांचं कायद्याचं शिक्षण, बार परीक्षा आणि अनेकदा वर्ष-दोन वर्षं एखाद्या संघीय न्यायाधीशाकडे क्लार्क (कायद्याच्या कामातला मदतनीस) म्हणून काढून येतो. कार्डांचं त्याला तेव्हा काहीच कळत नसतं. ते कळतं कागदांतून. पहिली काही वर्षं लाखो ईमेलं, बैठकांची टिपणं आणि दरांचे तक्ते चाळण्यात जातात. मग डिपॉझिशन, म्हणजे साक्षीदाराची जबानी. कोर्टाबाहेर, एका बैठकीच्या खोलीत, शपथेवर, लघुलेखकासमोर. नियमाने एका साक्षीदाराला एक दिवस, सात तास. जेवणाची सुट्टी त्यात धरत नाहीत, त्यामुळे वकील मिनिटांचा हिशेब ठेवतो. समोर कंपनीचा अधिकारी, टेबलावर त्यानेच बारा वर्षांपूर्वी लिहिलेली ईमेल. प्रश्न वरवर साधा: ‘यात तुम्ही “वुई” लिहिलंय, ते कोण?’

इंग्रजीतल्या त्या ‘वुई’वर अख्खा खटला फिरू शकतो. ‘आम्ही’ म्हणजे फक्त नेटवर्क कंपनी, तर तो एका कंपनीचा धोरणात्मक निर्णय. ‘आपण’ म्हणजे नेटवर्क आणि त्याच्या मालक बँका मिळून, तर तो स्पर्धकांमधला करार आणि पहिलं कलम दारात उभं. मराठीत ईमेल लिहिली असती तर हा प्रश्न विचारावाच लागला नसता.

हा शब्दांचा कीस काढणारी चर्चा उगाच नव्हती. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दीर्घकाळ बँकांच्याच मालकीच्या होत्या. अमेरिकन एक्सप्रेस किंवा डिस्कव्हर कार्ड काढायला सदस्य बँकांना बंदी करणारे नियम त्यांनी केले होते. न्याय विभागाने १९९८ मध्ये त्यावर खटला भरला, २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयात तो जिंकला, आणि २००३ मध्ये अपिलातही निकाल टिकला. मग अमेरिकन एक्सप्रेस आणि डिस्कव्हर यांनी त्या निकालाच्या जोरावर आपापले भरपाईचे खटले भरले आणि अब्जावधी डॉलरच्या तडजोडी पदरात पाडून घेतल्या. सरकारने वाट पाडायची आणि खाजगी वकिलांनी त्यावरून गाड्या न्यायच्या, ही या क्षेत्राची जुनी रीत. व्हिसाने तर २००८ मध्ये शेअर बाजारात उतरताना अशा खटल्यांसाठी वेगळं एस्क्रो खातंच (पैसे राखून ठेवायचं खातं) काढलं आणि त्याचा भार जुन्या मालक बँकांच्या ‘बी’ वर्गातल्या शेअरांवर टाकला.

पैशाचं गणितही वेगळं. नियमवाल्याला तासाचे पैसे मिळतात. प्रतिवादीच्या खटलेवाल्यालाही बहुधा तसेच. वादीचा वकील मात्र अनेकदा स्वतःच्या खर्चाने लढतो आणि जिंकल्यावर वाटा मागतो. किती मिळणार हे कोर्ट ठरवतं. १९९६ मध्ये दुकानदारांनी ‘सगळी कार्डं स्वीकारा’ या नियमाविरुद्ध खटला भरला. व्हिसाचं क्रेडिट कार्ड घ्यायचं तर महागडं डेबिटही घ्यावंच लागत होतं. २००३ मध्ये, सुनावणीच्या अगदी तोंडावर, सुमारे ३०० कोटी डॉलरवर तडजोड झाली. वकिलांनी जवळपास ६१ कोटी डॉलर फी मागितली. न्यायाधीशांनी दिली सुमारे २२ कोटी. कुणाला हेही डोळे पांढरे करणारं वाटेल, पण सात वर्षं खिशातून पैसे घालणाऱ्याच्या दृष्टीने बघा.

आणि हातात आलेलंही जातं. २००५ मध्ये इंटरचेंजवरचा सगळ्यात मोठा सामूहिक खटला ब्रुकलिनच्या संघीय न्यायालयात सुरू झाला, सव्वा कोटीच्या आसपास दुकानदारांच्या वतीने. २०१२ मध्ये ७२५ कोटी डॉलरची तडजोड, पुढे कोर्टाची मंजुरी, वकिलांना ५४ कोटींवर फी. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने सगळंच रद्द केलं. कारण आकड्याचं नव्हतं. ज्यांना रोख भरपाई हवी ते दुकानदार आणि ज्यांना पुढच्या काळासाठी नियम बदलून हवे ते दुकानदार, यांची हितं वेगळी होती आणि दोघांचे वकील मात्र तेच. मग वेगवेगळे गट, वेगवेगळे वकील, पुन्हा पहिल्यापासून बोलणी. पैशाच्या गटाची साडेपाचशे कोटींहून मोठी तडजोड २०१९ मध्ये मंजूर झाली. नियमांच्या गटाची तडजोड न्यायाधीश मार्गो ब्रॉडी यांनी जून २०२४ मध्ये नाकारली. खटला भरल्याला तोवर १९ वर्षं झाली होती. सुरुवातीला ईमेलं चाळणारा नवखा वकील एवढ्यात भागीदार होऊन जातो, तरी खटला तोच.

खटलेवाल्याचा खरा जोडीदार दुसरा वकील नसून अर्थतज्ज्ञ असतो, हे अमेरिकन एक्सप्रेसच्या निकालात स्पष्ट दिसलं. ग्राहकाला ‘स्वस्त पडणारं दुसरं कार्ड वापरा’ असं सुचवायलाही दुकानदारांना अमेरिकन एक्सप्रेसची मनाई होती. २०१० मध्ये न्याय विभाग आणि अनेक राज्यांनी खटला भरला आणि २०१५ मध्ये जिल्हा न्यायालयात जिंकला. दुकानदारांची फी वाढली हे दाखवलं होतंच. पण जून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी उलट निकाल दिला. न्यायमूर्ती थॉमस यांच्या म्हणण्याचं सार असं: एका हाताने टाळी वाजत नाही. कार्डाचा व्यवहार दुकानदार आणि ग्राहक दोघांना एकाच क्षणी विकला जातो, म्हणून बाजार दोघांचा मिळून एकच. दुकानदाराची फी वाढली, पण ग्राहकाला मिळणारे रिवॉर्ड वजा केल्यावर व्यवहाराची एकूण किंमत वाढली का, हे सिद्ध करा. तेव्हापासून क्रेडिट कार्डांच्या खटल्यात बाजाराची व्याख्या करतानाच निम्मी लढाई होते. मला हा निकाल पटत नाही. फी भरणारा एक आणि विमानाचे मैल कमावणारा दुसरा, आणि दोघांची बेरीज मांडून म्हणायचं कुणाचं नुकसान नाही. पण पटो न पटो, खटलेवाल्याला दावा बांधायचा तो याच पायावर.

आता एक परीक्षा. नॉर्थ डकोटामधल्या कॉर्नर पोस्ट नावाच्या ट्रक थांब्याने कार्डाच्या फीवरून खटला भरला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दुकानदार, स्वाइप फी, कोर्ट. मग हा मक्तेदारीचा खटला? नाही. प्रतिवादी व्हिसा नव्हतं, फेडरल रिझर्व्ह होतं. दावा असा, की २१ सेंटांचा नियमच कायद्यापेक्षा सैल आहे. मुद्दा प्रशासकीय कायद्याचा: सरकारी नियमाला आव्हान द्यायची सहा वर्षांची मुदत मोजायची कधीपासून? नियम आला २०११ मध्ये, थांबा उघडला २०१८ मध्ये. १ जुलै २०२४ रोजी न्यायालय म्हणालं, वादीला झळ बसली तेव्हापासून. इथे ना तिप्पट भरपाई, ना बाजाराची व्याख्या, ना अर्थतज्ज्ञांची जुगलबंदी. कोर्टात उभं राहून लढलेला असला, तरी हा खटला नियमवाल्यांच्या घराण्यातला.

एका घरातून दुसऱ्या घरात जाता येतं का? येतं, पण दारं सारखी नाहीत. नियमवाला फेडमधून किंवा ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोतून फर्ममध्ये येतो आणि आज बँकेला, उद्या फिनटेकला सल्ला देतो. कुणाला फारसं खटकत नाही. खटलेवाल्याचं तसं नाही. न्याय विभागातून खाजगी फर्ममध्ये जाणं रुळलेलं आहे, मात्र नेटवर्कचा बचाव करताना त्यांची गुपितं वाचलेला वकील पुढच्या वर्षी त्याच वादात दुकानदारांकडून उभा राहू शकत नाही. गाव लहान आहे. बाजू लवकर ठरते आणि सहसा चिकटते.

तरीही दोघांना एका खोलीत बसावं लागतं, आणि सध्या तर जास्तच. न्याय विभागाने २४ सप्टेंबर २०२४ रोजी व्हिसावर डेबिटच्या मक्तेदारीचा खटला भरला. दाव्यातल्या आरोपांनुसार देशातल्या ६० टक्क्यांहून अधिक डेबिट व्यवहार व्हिसावरून जातात आणि त्यातून वर्षाला ७०० कोटी डॉलरहून अधिक फी मिळते. हा आरोप कळायला आधी डर्बिनचं दुसरं, कमी गाजलेलं कलम वाचावं लागतं: प्रत्येक डेबिट कार्डावर एकमेकांशी संबंध नसलेली किमान दोन नेटवर्कं हवीत, आणि व्यवहार कुठल्या वाटेने न्यायचा हे दुकानदाराने निवडायचं. सरकारचं म्हणणं, व्हिसा व्यवहारांच्या संख्येशी बांधलेले करार करतं. ठरलेला आकडा गाठला नाही तर चढा दर सगळ्याच व्यवहारांवर लागतो, त्यामुळे दुसरी वाट कागदावर राहते.

तेव्हा खटलेवाला नियमवाल्याला फोन करून पहिला प्रश्न हाच विचारणार: ऑनलाइन खरेदीत दुसरं नेटवर्क देणं बँकांवर स्पष्टपणे बंधनकारक कधीपासून झालं? उत्तर येतं, १ जुलै २०२३. मग खटलेवाला आपल्या अर्थतज्ज्ञाला सांगतो, की त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे आकडे वेगळे काढ.