पोर्तुगालचं कार्ड मागावं लागतं, पोर्तुगालचा कर मात्र लागतो

अमेरिका सोडून पोर्तुगालला निघालेल्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : "आम्हाला रेसिडेन्सी मिळाली." कुणाच्या दप्तरात मिळाली, असं विचारलं की समोरचा बुचकळ्यात पडतो. कारण 'रेसिडेंट' या एकाच शब्दाखाली तिथे दोन निराळ्या गोष्टी नांदतात. पहिली म्हणजे निवास परवाना. तो आइमा हे स्थलांतर खातं देतं. दुसरी म्हणजे कर-निवासी असणं, आणि ते ठरतं करखात्याच्या, म्हणजे तिथल्या लोकांच्या भाषेत 'फिनान्सास'च्या नियमांनी. दोन खाती, दोन कायदे, दिवस मोजायच्या दोन पद्धती. बोलताना मात्र दोन्हींची सरमिसळ होते, आणि ती निस्तरायची वेळ येते रिटर्न भरताना.

पोर्तुगाल निवडण्याची कारणं साधी आहेत. महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही लहान देश, एक कोटीच्या आसपास वस्ती, सौम्य हवा, आणि अमेरिकेच्या मानाने कमी खर्च. लिस्बनला आता स्वस्त म्हणवत नाही, पण विझेउ किंवा कास्तेलो ब्रांकोसारख्या आतल्या गावांत पेन्शनवर नीट राहता येतं.

एक जोडपं कल्पू. न्यू जर्सीत तीस वर्षं काढलेलं, नुकतंच निवृत्त झालेलं. नवरा अमेरिकन नागरिक आहे. बायकोने भारतीय पासपोर्ट सोडलेला नाही, ती ग्रीन कार्डावर आहे. त्यांच्यासाठी सरळ वाट म्हणजे डी७ व्हिसा : पेन्शन, भाडं, लाभांश अशी बसल्या जागी येणारी मिळकत असलेल्यांचा. मिळकतीची अट पोर्तुगालच्या किमान वेतनाला बांधलेली असते. २०२५ मध्ये ते महिना ८७० युरो होतं; जोडीदारासाठी त्याच्या निम्मे, म्हणजे दोघांचे मिळून १,३०५ युरो. गुन्हा नसल्याचा एफबीआयचा दाखला, घराचा करार, पोर्तुगीज बँकेतलं खातं हे सगळं जमवून अर्ज अमेरिकेतच करायचा. व्हिसा मिळतो चार महिन्यांचा. त्या मुदतीत तिथे पोहोचून आइमाकडे बोटांचे ठसे द्यायचे, मग दोन वर्षांचं कार्ड हातात पडतं आणि पुढचं नूतनीकरण तीन वर्षांचं होतं.

या वाटेत प्रत्येक पायरीवर आपण अर्जदार असतो. मागायचं, वाट पाहायची, मिळालं तर घ्यायचं.

कर-निवासाचं तसं नाही. त्यासाठी कुणी अर्ज करत नाही आणि त्याचं कार्ड घरी येत नाही. कोणत्याही बारा महिन्यांच्या काळात १८३ दिवसांपेक्षा जास्त, सलग किंवा तुटक, पोर्तुगालमध्ये राहिलात की तुम्ही कर-निवासी. दिवस तेवढे भरले नाहीत, तरी दुसरी कसोटी आहेच : कायम राहण्याचा इरादा दिसावा असं घर तिथे आहे का? वर्षाचा भाडेकरार, आणलेलं सामान, सोबत बायको, एवढ्यावरून इरादा दिसतोच. आणि एकदा कसोटी लागू झाली की निवास मोजला जातो त्या मुक्कामाच्या पहिल्या दिवसापासून. आइमाची तारीख लांबली, कार्ड अजून आलेलं नाही, म्हणून कराचं घड्याळ थांबत नाही. परवान्याची वाट पाहता पाहता माणूस कर-निवासी होऊन बसलेला असतो.

मध्येच आणखी एक गैरसमज घोळ घालतो, तो निफचा. निफ म्हणजे नऊ आकडी कर क्रमांक. घराचा करार, बँकेचं खातं, विजेची जोडणी, सगळीकडे तो लागतो, म्हणून लोक तो अमेरिकेत बसूनच काढतात. "आम्ही निफ काढलाय, म्हणजे तिथे करदाते झालो," असं कुणी म्हणतं. कुणी घाबरून निफ काढायचंच टाळतं. दोघंही चुकतात. निफ हा नुसता क्रमांक. अमेरिकेच्या पत्त्यावर काढलेला निफ अनिवासी म्हणूनच नोंदलेला असतो, आणि राहायला गेल्यावर करखात्यात पत्ता बदलून घ्यावा लागतो. तो नाही बदलला म्हणून माणूस अनिवासी राहत नाही. फक्त दप्तर एक सांगतं आणि वस्तुस्थिती दुसरं.

आता चतुराईचा प्रश्न, जो प्रत्येक ओळखीच्या घोळक्यात कुणीतरी विचारतंच : कार्ड ठेवायचं, पण १८३ दिवस भरू द्यायचे नाहीत, असं जमेल का? डी७ च्या कार्डाची अट बघा. परवान्याच्या मुदतीत सलग सहा महिने, किंवा तुटक धरून एकूण आठ महिने, यापेक्षा जास्त बाहेर राहायचं नाही. दोन वर्षांचे महिने चोवीस. आठ वजा केले की उरले सोळा. वर्षाला सरासरी आठ महिने पोर्तुगालमध्येच गेले, आणि १८३ दिवस तर सहा महिन्यांतच भरतात. कार्डाचा नियम प्रामाणिकपणे पाळणारा डी७ धारक कर-निवासी होतोच. या दोन गोष्टी वेगळ्या असूनही लोकांना एकच का वाटतात, त्याचं कारण या वजाबाकीत आहे.

पण त्या एक नाहीत, हे कडेच्या उदाहरणांत दिसतं. मोठ्या गुंतवणुकीवर मिळणाऱ्या गोल्डन व्हिसावाल्याला वर्षाला सरासरी सात दिवस पोर्तुगालमध्ये काढले तरी पुरतं. घर विकत घेऊन तो मिळवण्याची सोय ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. पात्र फंडात पाच लाख युरो गुंतवण्यासारखे मार्ग उरले आहेत. अशा माणसाकडे कार्ड असतं, कर-निवास नसतो. पैसेवाल्याला मिळणारी ही मोकळीक पेन्शनवाल्याला नाही. नाराजी असेल तर ती इथे असावी, असं मला वाटतं.

उलट टोकाचं उदाहरण आपल्या शेजारचं, गोव्याचं आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनच्या दप्तरात जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. भारतीय नागरिकत्व मात्र त्याबरोबर सुटतं, कारण आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. असा पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडात स्विंडनला राहणारे गोंयकार पुष्कळ आहेत. ते पोर्तुगालचे नागरिक असतात, पण तिथे राहत नाहीत, म्हणून इंग्लंडातल्या कमाईवर पोर्तुगालला कर देत नाहीत. त्यांच्यापैकी कुणी उद्या पोर्तोला राहायला गेलं, तर त्याला निवास परवाना काढावा लागणार नाही, पण करखात्याला रिटर्न द्यावं लागेल. परवाना नाही, कर आहे.

अमेरिकेचं गणित नेमकं याच्या उलट. ती आपल्या नागरिकावर जगात कुठेही कर लावते. या बाबतीत तिच्या जोडीला इरिट्रियाचंच नाव घेतलं जातं. आपल्या जोडप्यातला नवरा विझेउला कितीही वर्षं राहिला, तरी त्याचं अमेरिकन रिटर्न सुटत नाही. पोर्तुगालला भरलेल्या कराची वजावट तिकडे मिळते आणि पोर्तुगालचे दर चढे असल्यामुळे बहुतेक वेळा अमेरिकेला द्यायला फारसं उरत नाही. तरी फॉर्म भरावाच लागतो. परदेशी मिळकतीवरची जी मोठी सूट लोक ऐकून असतात, २०२५ साठी १,३०,००० डॉलर, ती श्रमाच्या कमाईला आहे. पेन्शनला आणि लाभांशाला तिचा उपयोग शून्य.

त्यातच एक गंमत. परदेशातल्या खात्यांत वर्षात कधीही मिळून १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली, तर अमेरिकेला त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. डी७ साठी वकिलाती साधारणपणे वर्षभराच्या खर्चाची रक्कम पोर्तुगीज बँकेत दाखवायला सांगतात. २०२५ च्या किमान वेतनाने एकट्या माणसाचीच ती १०,४४० युरो होत होती. म्हणजे विमानात बसण्याआधीच, व्हिसाच्या कागदांपायी, अमेरिकेचा एक फॉर्म मागे लागलेला असतो.

बायकोची गोष्ट अधिक नाजूक, आणि आपल्याकडच्या कित्येक घरांत हीच परिस्थिती आहे. ग्रीन कार्डाच्याही अशाच दोन बाजू आहेत. स्थलांतराच्या बाजूने बघितलं तर ते कार्ड अमेरिकेत राहणाऱ्याचं आहे. रीएंट्री परमिट न घेता वर्षाहून जास्त बाहेर राहिलं तर त्यावर परत शिरता येत नाही; वर्षाच्या आतही, 'तुम्ही इथलं घर सोडलंय' असं विमानतळावरचा अधिकारी म्हणू शकतो. परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचं, आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. कराच्या बाजूने मात्र तेच कार्ड चिवट निघतं. ते रीतसर परत केल्याशिवाय, किंवा सरकारने रद्द ठरवल्याशिवाय, ती अमेरिकेची कर-निवासीच राहते. कार्डाची मुदत उलटली, ते ड्रॉवरमध्ये पडून आहे, तरीही. म्हणजे प्रवेशासाठी मेलेलं आणि करासाठी जिवंत, असं ते कार्ड वर्षानुवर्षं राहू शकतं.

मग कार्ड परत करून मोकळं व्हावं? घाई नको. गेल्या पंधरा करवर्षांपैकी आठ वर्षं ग्रीन कार्ड असेल, तर ते सोडणं हे नागरिकत्व सोडल्यासारखं धरलं जातं, आणि मालमत्ता मोठी असेल तर निर्गमन कराचा प्रश्न येतो. तीस वर्षं न्यू जर्सीत घर आणि निवृत्तीची खाती जमवलेल्या बाईला हा प्रश्न दूरचा नसतो. इथे सीए हवा तो दोन्ही देशांचं जाणणारा. एकाच बाजूचं जाणणारा अर्धं सांगून मोकळा होतो.

जुन्या सल्ल्यांपासूनही सावध राहा. "पोर्तुगालमध्ये परदेशी पेन्शनवर कर नाही" हे वाक्य २००९ साली आलेल्या एनएचआर या, नव्याने राहायला येणाऱ्यांसाठीच्या करसवलतीच्या काळातलं आहे. २०२० मध्ये नव्याने येणाऱ्यांच्या पेन्शनवर १० टक्के बसले, आणि २०२४ पासून ही सवलत नवागतांसाठी संपली. तिच्या जागी आलेली सवलत संशोधन आणि नवोपक्रमातल्या कामांसाठी आहे, पेन्शनरांसाठी नाही. आता नेहमीचे चढते दर लागतात, वरचा टप्पा ४८ टक्के, आणि रिटर्नची मुदत १ एप्रिल ते ३० जून. अमेरिकन रिटर्न परदेशी राहणाऱ्याला १५ जूनपर्यंत भरता येतं, व्याज मात्र १५ एप्रिलपासूनच धावतं.

दिवसांचा हिशेब स्वतः ठेवा. कार्ड हातात आलं की पोर्तुगालच्या विमानतळावर पासपोर्टात शिक्के पडत नाहीत. तुम्ही घरचे झालात ना! त्यामुळे आत-बाहेर कधी केलं हे पासपोर्टावरून सांगता येत नाही, आणि तीच यादी दोन्ही खात्यांना, आपापल्या कारणासाठी, हवी असते. बोर्डिंग पास फेकू नका.