ताण, तांबेरा आणि कॉफीचं झाड

काटोल-नरखेडकडचा संत्रा बागायतदार मृग बहारासाठी मे महिन्यात झाडांचं पाणी तोडतो. पानं मलूल होतात, जमीन भेगाळते, नवख्याला वाटतं बाग गेली. मग मृगाचा पाऊस पडतो आणि तीच झाडं पांढऱ्या फुलांनी लखडतात. याला आपण ‘ताण देणं’ म्हणतो. कॉफीला हा ताण निसर्गच देतो. कोरड्या महिन्यांत तिच्या कळ्या फांदीवर निपचित असतात आणि मार्च-एप्रिलच्या पहिल्या सरीनंतर आठ-दहा दिवसांत सगळा मळा एकदम फुलतो. झाड तेच, जनुकंही तीच. कोणतं जनुक कधी चालू आणि कधी बंद, एवढंच बदलतं. कॉफीच्या रोगांचा दीडशे वर्षांचा इतिहास वाचताना मला सतत हेच आठवत राहतं.

विदर्भात कॉफी म्हटलं की चिखलदरा. मेळघाटात सुमारे ११०० मीटर उंचीवर, सावलीत ती टिकून आहे. खाली नागपूरच्या ४५ अंशांत अरेबिका ही कॉफीची जात तगणार नाही; तिला साधारण १८ ते २२ अंश मानवतात. पण तिचा जुना वैरी ऊन नव्हे, तांबेरा.

गव्हावरचा तांबेरा आपल्या शेतकऱ्याला पाठ असतो. कॉफीवरची बुरशी वेगळी आहे, दिसते मात्र तशीच. पान उलटून पाहिलं की खालच्या बाजूला पिवळसर ठिपके आणि त्यांवर नारिंगी भुकटी. बोट फिरवलं की बोट रंगतं. ही भुकटी म्हणजे बीजाणू. पानावर पाण्याचा थेंब मिळाला की ते रुजतात आणि पर्णरंध्रातून, म्हणजे पानाच्या बारीक छिद्रातून, आत शिरतात. १८६९ मध्ये श्रीलंकेतल्या नमुन्यांवरून तिला ‘हेमिलिया व्हॅस्टॅट्रिक्स’ हे नाव मिळालं. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच उद्ध्वस्त करणारी. दोनेक दशकांत तिथली कॉफी बसली आणि त्या उतारांवर चहा आला. दक्षिण भारतातही हा रोग लवकरच पोचला.

अरेबिका इतकी हळवी का? ती स्वतःच्याच परागांनी फळते आणि जगभर पसरली ती मोजक्या झाडांच्या संततीतून. एक झाड बळी पडलं की शेजारचंही पडतं. म्हणून तगलेलं झाड शोधणं हाच पहिला उपाय ठरला. म्हैसूर संस्थानात १९११ च्या सुमारास केंट नावाच्या मळेवाल्याने असं झाड हेरलं. ‘केंट्स’ हा वाण त्यातूनच आला. काही वर्षांत तोही तांबेऱ्याला बळी पडू लागला. १९२५ मध्ये आजच्या कर्नाटकातल्या बाळेहोन्नूरला कॉफीचं संशोधन केंद्र उभं राहिलं. (आजच्या त्या संस्थेचं आणि नागपूरच्या लिंबूवर्गीय फळांच्या संस्थेचं इंग्रजी लघुरूप एकच आहे, सीसीआरआय!) बाळेहोन्नूरला मेन या शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात दाखवून दिलं की बुरशीचेही वेगवेगळे प्रकार असतात, एका प्रकाराला अडवणारं झाड दुसऱ्यापुढे हरतं. पुढे लायबेरिका या कॉफीच्या दुसऱ्या जातीचं रक्त असलेला ‘एस ७९५’ हा वाण आला. तिमोर बेटावर अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या आणखी एका जातीचा नैसर्गिक संकर सापडला होताच. १९५५ मध्ये पोर्तुगालमध्ये तांबेऱ्यासाठी स्वतंत्र केंद्र निघालं आणि तिमोरच्या त्या झाडांवर प्रतिकारक वाणांची एक पिढी उभी राहिली.

या सगळ्या काळात प्रश्न एकच विचारला जात होता: झाडाकडे प्रतिकाराचं जनुक आहे की नाही? १९६१ मध्ये जाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी जिवाणूंवरच्या कामातून दाखवलं की जनुक असणं वेगळं आणि ते कामाला लागणं वेगळं. कॉफीत ही नजर यायला पुढची काही दशकं गेली.

मग चित्र उलगडत गेलं. बुरशी आत शिरली की झाडाची काही प्रथिनं तिला ओळखतात. त्यावर ‘डब्ल्यूआरकेवाय’ गटातली नियामक प्रथिनं इतर जनुकांची बटणं दाबतात. बुरशीची भित्तिका फोडणारी विकरं (एन्झाइम) तयार होतात आणि लागण झालेल्या जागच्या पेशी स्वतःहून मरतात. ही बुरशी फक्त जिवंत पेशीवरच जगते, त्यामुळे तिची तिथेच उपासमार होते. मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट पुढची: यातली बरीच जनुकं रोगाला बळी पडणाऱ्या झाडातही असतात आणि चालूही होतात. पण उशिरा, किंवा पुरेशा जोराने नाही. तोवर बुरशीने पाय रोवलेले असतात.

पाण्याच्या ताणाची यंत्रणा निराळी. मुळांना कोरड जाणवली की ॲबसिसिक आम्ल हे झाडातलं संप्रेरक वाढतं, पर्णरंध्रं मिटतात आणि ‘ड्रेब’ गटातली जनुकं पेशींना कोरड सोसायला तयार करतात. अडचण अशी की अनेक वनस्पतींमध्ये ॲबसिसिक आम्लाचा संदेश आणि रोगाविरुद्धचा सॅलिसिलिक आम्लाचा संदेश एकमेकांना मागे खेचतात. मळ्यात मात्र उन्हाळ्याने खंगलेल्या झाडावर पावसाबरोबर तांबेराही येतो.

२०१४ मध्ये रोबस्टाचा जीनोम, म्हणजे तिची सगळी जनुकीय माहिती, वाचला गेला, २०२४ मध्ये अरेबिकाचा सविस्तर आराखडा आला. सुमारे सहा लाख वर्षांपूर्वी रोबस्टा आणि युजिनिऑइडिस या कॉफीच्या जातींच्या संकरातून अरेबिका जन्मली, असा त्यातला अंदाज आहे. म्हणजे तिच्या बहुतेक जनुकांच्या दोन प्रती आहेत, एकेका पालक-जातीकडून आलेली. तिमोरच्या वाणांचा प्रतिकारही काही ठिकाणी ढासळू लागलाय. म्हणून आता संशोधक बीजाणू लावलेली पानं ठरावीक तासांनी तोडतात, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवतात आणि त्यांतला आरएनए, म्हणजे जनुक चालू झालं की बनणारी त्याची नक्कल, मोजतात: कोणती प्रत जागी झाली, आणि कितव्या तासाला.